आधी डिकी मोजा, मग वूफर निवडा : गाडीचा सबवूफर आणि त्याचा खोका

नादखुळा

गाडीच्या सबवूफरची (फक्त खालचे सूर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर) खरेदी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी १२ इंची वूफर पसंत पडतो, मग दुकानात तयार असलेल्या खोक्यांपैकी त्यातल्या त्यात बसेल तो लावला जातो. आठवड्याभरात लक्षात येतं की प्रत्येक गाण्यात बास एकाच सुरात घुमतोय. दोष वूफरवर जातो, पण चूक खोक्याच्या लिटरमध्ये असते. म्हणून हा धागा. क्रम असा हवा: डिकीतली किती जागा द्यायची ते ठरवा, त्यातून खोक्याचे निव्वळ लिटर (आतली मोकळी हवा) काढा, त्या लिटरला जुळणारा वूफर शोधा आणि ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी.

वूफरच्या माहितीपत्रकात वॉटचा मोठा आकडा सोडून खालचा बारीक तक्ता वाचा. त्याला थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टेड (हवेसाठी नळी ठेवलेल्या) खोक्याचं गणित मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते बंद खोक्यापर्यंत नेऊन पूर्ण केलं. आपल्याला त्यातले चार आकडे पुरतात. एफएस म्हणजे वूफर मोकळा असताना ज्या कंपनाला स्वतःहून डोलतो ते. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्यावर एकूण लगाम किती; आकडा जितका लहान, तितका लगाम जास्त. व्हीएएस म्हणजे कोनला (वूफरचा पुढे-मागे हलणारा पडदा) धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर. एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटर सरळ चालतो. हा तक्ताच न देणारा वूफर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण त्याचा खोका अंदाजानेच बांधावा लागतो.

बंद खोक्याचं गणित सोपं आहे. व्हीएएसला खोक्याच्या निव्वळ लिटरने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा. या संख्येने क्यूटीएसला गुणलं की खोक्यातला क्यू, म्हणजे क्यूटीसी मिळतो. त्याच संख्येने एफएसला गुणलं की खोक्यातली रेझोनन्स वारंवारता, म्हणजे खोक्यात बसवल्यावर वूफर ज्या कंपनाला डोलतो ती, मिळते. क्यूटीसी ०.७०७ ला प्रतिसाद सर्वांत सपाट. ०.८ पर्यंत गाडीत छान लागतं. ०.९ ओलांडलं की घुमणं सुरू.

उदाहरण घेऊ. १२ इंची वूफर, एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५०, व्हीएएस ५० लिटर.
५० लिटरचा खोका: क्यूटीसी ०.७१, रेझोनन्स ४० हर्ट्झ.
३५ लिटर: ०.७८, ४४ हर्ट्झ.
२० लिटर: ०.९४, ५२ हर्ट्झ.

आता याच २० लिटरमध्ये १० इंची वूफर बसवा. एफएस ३२, क्यूटीएस ०.५२, व्हीएएस २४ लिटर. क्यूटीसी येतो ०.७७ आणि रेझोनन्स ४७ हर्ट्झ. म्हणजे त्याच छोट्या खोक्यात १० इंची वूफर १२ इंचीइतकाच खालपर्यंत जातो आणि घुमतही नाही. जागा २० लिटर असेल तर १२ इंची घेण्यात तोटाच आहे, हे मला अगदी ठासून सांगायचं आहे.

२०१८ ची स्विफ्ट डोळ्यासमोर ठेवली तर डिकी २६८ लिटरची. त्यातले बाहेरच्या मापाने पन्नासेक लिटर दिले तरी दोन बॅगा राहतात. या मापात वरचा ३५ लिटरचा बंद खोका बसतो.

रंधा

उत्तम सुरुवात. खोक्याच्या मापाचं मी घेतो.

३५ लिटर हे निव्वळ हवं. वूफरचं चुंबक आणि बास्केट (धातूचा सांगाडा) साधारण अडीच लिटर जागा खातं (नेमका आकडा माहितीपत्रकात असतो), आतली आडवी पट्टी एक लिटर धरा. म्हणजे आतलं एकूण माप ३८.५ लिटर. आतली रुंदी ४४४, उंची ३४४, खोली २५२ मिमी घेतली की बरोबर तेवढं भरतं. १८ मिमी एमडीएफ बोर्डात कापायचे तुकडे:

पुढचा आणि मागचा : ४८० × ३८० मिमी, २ नग
वरचा आणि खालचा : ४८० × २५२ मिमी, २ नग
बाजूचे : ३४४ × २५२ मिमी, २ नग
पुढचा दुहेरी करण्यासाठी जादा : ४८० × ३८० मिमी, १ नग

पुढची फळी दुहेरीच करा. वूफरसाठी मोठं भोक पाडल्यावर तीच फळी सर्वांत कमकुवत होते आणि सगळा हादरा तिलाच बसतो. बाहेरची खोली १८ मिमीने वाढते, आतल्या लिटरमध्ये फरक पडत नाही. एकूण लाकूड एक चौरस मीटरच्या आत आहे, ८ × ४ ची अर्धी शीट पुरून उरते. रिकामा खोका बारा किलोच्या आसपास भरतो.

मागच्या सीटची पाठ तिरकी असते, तिला टेकून बसवायचं असेल तर समलंब आकार करा. खाली आतली खोली ३००, वर २०४ मिमी ठेवली तर सरासरी २५२ च येते, लिटर तेवढेच राहतात. मात्र वर चुंबकाला खोली पुरते का ते आधी बघा. चुंबकाच्या मागे निदान ३–४ सेंमी मोकळे हवेत, नाहीतर पोल व्हेंट (चुंबकाच्या मागचं हवेचं भोक) असलेल्या वूफरचं श्वसनच अडतं.

भोकाचा व्यास कागदावरून घेऊ नका. वूफर हातात आल्यावर मोजा, मगच जिग सॉ चालवा. १२ इंची वूफरची भोकं साधारण २७५ ते २८५ मिमीच्या दरम्यान वेगवेगळी असतात आणि ५ मिमी जास्त कापलं गेलं तर स्क्रूला लाकूडच उरत नाही.

जोडणी: कडांना फेविकॉल सढळ हाताने लावायचा, ३ मिमीचं पायलट होल पाडायचं, मग दर १० सेंमीला ४० मिमीचा स्क्रू. पायलट होलशिवाय एमडीएफच्या कडेत स्क्रू घातला तर बोर्ड मधोमध फाकतो. सांधे वाळल्यावर आतून सगळ्या कोपऱ्यांवर पुन्हा फेविकॉलची जाड धार सोडा. सिलिकॉन वापरत असाल तर तो पूर्ण सुकल्याशिवाय वूफर बसवू नका. आंबट वास येणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिटिक ॲसिडची वाफ निघते, ती बंद खोक्यात कोंडणं वूफरच्या धातूच्या भागांना चांगलं नाही.

कोकणवारा

रंधा, लाकडाबद्दल थोडा वेगळा विचार. एमडीएफ घाटावर ठीक. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इकडे पावसाळ्यात डिकीचं कार्पेट ओलंच असतं, त्यावर छत्र्या आणि भिजलेल्या पिशव्या. एमडीएफची खालची कड पाणी ओढते, फुगते आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. सांधा उघडतो, हवा गळते आणि बंद खोका बंद राहत नाही.

इकडच्यांनी आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला १८ मिमी मरीन प्लाय घ्यावा. आतल्या थरांत पोकळी नको. तुकडा कापल्यावर कड बघा, फट दिसली तर तो तुकडा बदला, कारण ती पोकळी ठराविक सुरावर खरखरते. एचडीएचएमआर (ओलीला टिकणारा दाट फायबर बोर्ड) बोर्डही चालतो, एमडीएफपेक्षा ओल बरीच सोसतो, मात्र वजनाला जड. गोंद साधा नको, मरीन घ्या. खोक्याच्या तळाला दोन हात पॉलीयुरेथेन मारून खाली रबरी पाय लावा, म्हणजे कार्पेट आणि लाकूड यांत सेंटीमीटरभर हवा राहते.

एमडीएफच वापरायचा असेल तर कापलेल्या कडांना पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल चोळा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा, पुन्हा एक हात. कड जितकी बंद, तितका खोका टिकतो.

पाचवा गिअर

सगळे बंद खोक्यावरच बोलताय. पोर्टेडची बाजूही यायला हवी. तेवढ्याच वॉटमध्ये ट्यूनिंगच्या (ज्या वारंवारतेला पोर्टमधली हवा सर्वांत जोरात हलते ती) आसपास साधारण ३ डेसिबल जास्त मिळतात. ढोल-ताशा, इलेक्ट्रॉनिक, हिपहॉप ऐकणाऱ्याला तो फरक छातीत जाणवतो.

नादखुळा

पाचवा गिअर, फायदा मान्य. पण वरच्या उदाहरणातला वूफर पोर्टेडसाठी नाही. साधी परीक्षा आहे: एफएसला क्यूईएसने (लगामाचा विजेकडून येणारा भाग, तोही तक्त्यात असतो) भागा. उत्तर ५० च्या खाली किंवा आसपास आलं तर बंद खोका, ९०–१०० च्या पुढे गेलं तर पोर्टेड, मधलं आलं तर दोन्ही करून बघण्यासारखं. वरच्या वूफरचा क्यूईएस ०.५५ धरला तर २८ ÷ ०.५५ = ५१. असा वूफर पोर्टेडमध्ये घातला तर ट्यूनिंगच्या वर मोठा उंचवटा येतो, आणि घुमणं टाळण्यासाठीच तर आपण हिशोब करतोय.

पोर्टेडसाठी क्यूटीएस ०.३० ते ०.४० च्या दरम्यानचा वूफर घ्या. तसा घेतला असेल तर पोर्टची लांबी अशी काढा: २३५६२ ला पोर्टच्या आतल्या व्यासाच्या (सेंमी) वर्गाने गुणा. ट्यूनिंगच्या वर्गाने आणि निव्वळ लिटरने भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. लांबी सेंमीत मिळते.

५० लिटर निव्वळ, ट्यूनिंग ३३ हर्ट्झ, आतला व्यास १० सेंमी: लांबी ३६ सेंमी. बाजारातला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० असतो, आतला व्यास पाइपच्या क्लासनुसार बदलतो. कॅलिपरने मोजून तोच आकडा घाला.

व्यास ७.५ सेंमी केला तर लांबी १९ सेंमीवर येते आणि मोह होतो. तो टाळा. ७.५ सेंमी पाइपचं क्षेत्रफळ फक्त ४४ चौरस सेंमी. १२ इंची वूफर जोरात चालला की तिथून हवा इतकी वेगाने जाते की फुसफुस स्पष्ट ऐकू येते आणि पोर्टचा उपयोगही कमी होतो. १० सेंमीचे दोन पाइप टाकले तर फुसफुस जाते, पण प्रत्येकाची लांबी ७९ सेंमी लागते. पोर्ट मोठा केला की लांबी झपाट्याने वाढते. पोर्टेड खोका छोटा करता येत नाही त्याचं कारण हेच.

रंधा

याला जोडून. लाकडी सपाट पोर्ट करणारे त्याचा आकार वजा करायला विसरतात, सर्वांत जास्त खोके इथे बिघडतात. १५० चौरस सेंमीचा सपाट पोर्ट ५० लिटर आणि ३३ हर्ट्झसाठी ७२ सेंमी लांब लागतो. म्हणजे पोर्टची पोकळीच जवळजवळ ११ लिटर, शिवाय त्याच्या भिंतीचं लाकूड वेगळं. आतलं एकूण माप ५० ठेवून त्यातच हा पोर्ट आणि वूफर घातला तर निव्वळ ३६–३७ लिटर उरतात आणि ट्यूनिंग ३३ ऐवजी ३८–३९ हर्ट्झला जाऊन बसतं. मग ३० हर्ट्झच्या सुरावर कोन सैरभैर हलतो, आवाज मात्र नाही.

म्हणजे ५० लिटर निव्वळ हवे तर आतलं एकूण माप ६५ च्या पुढे जातं. स्विफ्टच्या डिकीत हे बसवून बघा, उत्तर मिळेल.

पाचवा गिअर

हा हिशोब पटला. हॅचबॅकमध्ये बंदच. माझा मुद्दा मोठी डिकी असलेल्या गाड्यांपुरता.

एक सूचना मात्र पोर्टेड करणाऱ्या प्रत्येकाने पाळावी. ट्यूनिंगच्या खाली खोक्यातली हवा कोनला धरून ठेवत नाही, कोन मोकळा सुटतो. तिथे वॉट कमी असले तरी एक्समॅक्स ओलांडला जातो, कोन हलवणारी तारेची कॉइल मागच्या प्लेटवर आपटते, ठक्क असा आवाज येतो. ॲम्प्लिफायरला सबसॉनिक फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा) असलाच पाहिजे आणि तो ट्यूनिंगच्या थोडा खाली, ३३ ला ट्यून असेल तर २८ च्या आसपास, २४ डेसिबल उताराने लावा. फिल्टर नसलेला ॲम्प्लिफायर असेल तर पोर्टेड खोका करूच नका.

नादखुळा

बंद खोक्याच्या बाजूने आणखी एक भक्कम कारण आहे, केबिन गेन. गाडीच्या आतली सर्वांत मोठी लांबी समजा २.७ मीटर. आवाजाचा वेग ३४३ मीटर भागिले दुप्पट लांबी, उत्तर ६४ हर्ट्झ. त्याच्या खाली गाडीतली हवा एकसंध दाबली जाते आणि आवाज सप्तकागणिक वाढत जातो. तत्त्वतः १२ डेसिबल, प्रत्यक्षात पत्रा लवतो, फटी असतात, म्हणून कमी. बंद खोक्याचा प्रतिसाद रेझोनन्सच्या खाली सप्तकागणिक नेमका १२ डेसिबलने उतरतो. एक चढण, एक उतार, मिळून जवळपास सपाट. घरात ४४ हर्ट्झला संपणारा खोका गाडीत ३० पर्यंत सहज ऐकू येतो. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते, आणि डग्ग्यावरची घसीट तर याच्या बरीच वर. आपल्या बहुतेक संगीताला एवढं पुरतं, आणि डग्ग्याची मींड सुटी-सुटी ऐकायची असेल तर बंद खोक्याला तोड नाही.

तांब्याची तार

विजेची बाजू राहिली होती.

माझ्या हिशोबाने ड्युअल कॉइलचा वूफर घेताना आधी ॲम्प्लिफायर कुठल्या ओहमला किती आरएमएस (सतत देता येणारे वॉट) देतो ते बघावं. ४ + ४ ओहमचा वूफर समांतर जोडला तर २ ओहम, एकसर जोडला तर ८. २ + २ चा समांतर १, एकसर ४. मोनो ॲम्प्लिफायर २ ओहमला ३०० वॉट देत असेल तर ४ + ४ समांतर. चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर ब्रिज करून (दोन चॅनेल एकत्र जोडून) वापरणार असाल तर त्याला बहुधा किमान ४ ओहम लागतात, तिथे २ + २ एकसर. ब्रिजवर २ ओहम लावलं तर तो एकतर प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःहून बंद पडतो) किंवा जळतो.

दोन कॉइलपैकी एकीचे प्लस-मायनस उलटे लागले तर दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात. आवाज नाही, फक्त उष्णता. बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल प्रत्येक कॉइलला लावा. प्लसला प्लस असताना कोन बाहेर यायला हवा, दोन्ही वेळा.

ॲम्प्लिफायरच्या पॅकिंगवर छापलेले १२०० वॉट विसरा. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज खरं सांगतो. ३० ॲम्पिअरचा फ्यूज, १३.८ व्होल्ट, क्लास डी प्रकारच्या ॲम्प्लिफायरची साधारण ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे फार तर ३३० वॉट. यापेक्षा जास्त सतत निघूच शकत नाहीत.

वायर: ३०० वॉटला साधारण २७ ॲम्पिअर. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरले तर ८ गेजच्या शुद्ध तांब्यात ०.२८ व्होल्ट पडतात, चालतं. तयार किटमधली वायर बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते, तिथे एक माप वर जा. खात्री करायची तर टोक चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं की ॲल्युमिनियम. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो ॲम्प्लिफायरजवळ लावला तर मधली पाच मीटर वायर उघड्यावरच राहते आणि पत्र्याला घासली तर गाडी पेटते. इंजिनच्या भिंतीतून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अर्थिंगची वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, पत्र्यावरचा रंग पूर्ण खरवडा, थिंबल क्रिंप करून बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी सोडवू नका. आरसीए केबल (स्टिरिओचा सिग्नल ॲम्प्लिफायरला नेणारी) बॅटरीच्या वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासा.

झाडाखालचा

गाडी वॅगनार, कंपनीची सीएनजी. डिकीत सिलिंडर. सिलिंडर आणि सीटच्या मधल्या जागेत १० इंचीचा १५ लिटरचा खोका बसतो. क्यूटीएस ०.५ च्या आसपासचा वूफर चालेल का?

नादखुळा

नुसत्या क्यूटीएसवरून सांगता येणार नाही. १५ लिटरमध्ये क्यूटीएस ०.५ असताना क्यूटीसी ०.८ च्या आत ठेवायला व्हीएएस २३ लिटरच्या आत हवा. १० इंचीमध्ये असे उथळ बनावटीचे वूफर मिळतात, त्यांच्या माहितीपत्रकात सुचवलेले लिटर १२–१८ असतील तरच घ्या. नाहीतर ८ इंची. खोक्यात उशीत भरतात ते रेक्रॉन लिटरमागे १० ग्रॅम, म्हणजे १५० ग्रॅम, पिंजून सैल भरा. खोका दहाएक टक्के मोठा असल्यासारखा वागतो. गच्च दाबून भरलं तर उलट परिणाम. आणि हे फक्त बंद खोक्यात, पोर्टेडमध्ये रेक्रॉन उडून पोर्टमध्ये अडकतं.

कोकणवारा

झाडाखालचा, सिलिंडरच्या पट्ट्यांना किंवा स्टँडला खोका बांधू नका, स्क्रू तर मुळीच नको. व्हॉल्व्हकडे हात जायला जागा मोकळी ठेवा, हायड्रो टेस्टच्या (सिलिंडरची दाबचाचणी) वेळी सिलिंडर काढावा लागतो. सीटखाली बसणारा तयार ॲक्टिव्ह सबवूफर तुमच्या गाडीला जास्त सोयीचा. छातीत धक्का नाही देणार, पण दाराच्या स्पीकरला जे जमत नाही ते भरून काढतो.

सर्वांसाठी: वूफरसह खोका वीस किलोच्या आसपास जातो. मोकळा ठेवला तर जोरात ब्रेक लागल्यावर तो पुढे येतो. पट्ट्याने डिकीतल्या हुकांना बांधा. जमिनीत स्क्रू मारायचा असेल तर गाडीखाली वाकून टाकी आणि नळ्या कुठे आहेत ते बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

पाचवा गिअर

कंपनीचा टचस्क्रीन ठेवायचा असेल तर आरसीए आउटपुट नसतो. हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरवरचा सिग्नल थेट घेणारा) असलेला ॲम्प्लिफायर घ्या आणि मागच्या स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्या. वायर कापू नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो. बरेच कंपनी स्टिरिओ आवाज वाढवला की बास आपोआप कमी करतात, म्हणजे छोटे स्पीकर फाटू नयेत. त्यामुळे मोठ्या आवाजात सबवूफर दमल्यासारखा वाटला तर खोका उघडण्याआधी हे तपासा.

तांब्याची तार

ॲम्प्लिफायरवरचा गेनचा नॉब आवाज कमी-जास्त करण्यासाठी नसतो. स्टिरिओच्या सिग्नलची पातळी ॲम्प्लिफायरशी जुळवण्यासाठी तो असतो. पद्धत: वूफरची वायर काढा, बास बूस्ट शून्य, लो पास (ठरवलेल्या आकड्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) पूर्ण उघडा. स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर, ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन लावा. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला मल्टिमीटर एसीवर लावून गेन हळूहळू वाढवा. थांबायचा आकडा म्हणजे वॉट गुणिले ओहमचं वर्गमूळ: ३०० वॉट २ ओहमला २४.५ व्होल्ट, ४ ओहमला ३४.६. मग लो पास ८० हर्ट्झला आणि दाराच्या स्पीकरना हाय पास (खालचे सूर अडवणारा) तिथेच. फेजचं (कोन आधी बाहेर की आत हलतो ते बदलणारं) बटण ० आणि १८० करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका, ज्यात ८० च्या आसपासचा बास भरदार वाटतो ते ठेवा. वूफर जळतात ते बहुतेक गेन शेवटपर्यंत पिळून क्लिप झालेल्या (ॲम्प्लिफायरच्या क्षमतेबाहेर जाऊन माथे कापले गेलेल्या) सिग्नलने.

रंधा

खोका तयार झाल्यावरची तपासणी. बंद खोक्यात वूफर बसवताना कडेला गास्केट टेप, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मग दोन्ही हातांची बोटं पसरून कोन अलगद आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर खोका बंद आहे, चटकन उसळून आला तर गळतोय. बहुतेक वेळा गळती टर्मिनलच्या वाटीभोवती सापडते.

पोर्टेडमध्ये पाइप हिशोबापेक्षा चार सेंमी लांब ठेवा, कायमचा चिकटवू नका. कमी आवाजात २८ पासून ४० हर्ट्झपर्यंत एकेक हर्ट्झने टोन वाजवून कोनकडे बघा. ज्या आकड्याला कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि पोर्टच्या तोंडाशी वारा सर्वांत जोरात लागतो, तेच खरं ट्यूनिंग. ४० सेंमीच्या पाइपला ते साडेएकतीसच्या आसपास यायला हवं. तिथून सेंटीमीटरभर कापा, पुन्हा वाजवा. दर २ सेंमीमागे पाऊण हर्ट्झ चढतं. ३३ ला पोहोचलात की चिकटवा.